"मला न्यायला या": कॅम्पहून आलेलं पत्र

पोर पहिल्यांदाच घराबाहेर राहायला जातं, आठवड्याच्या आत "मला घरी घेऊन जा" असं पत्र येतं. आता काय करायचं? उन्हाळा लागला की इथे न्यू जर्सीत मला हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्यातलीच ही एक हकिगत, पालकांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. आजी-आजोबा ठाण्याचे, घरात अजून मराठीच. त्यांची अकरा वर्षांची नात पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांत एका ज्यू समर कॅम्पला चार आठवड्यांसाठी गेली होती. शाळेत तिच्या वर्गात दुसरं ज्यू मूल नव्हतं. निदान उन्हाळ्यात तरी तिला आपल्यातली पोरं भेटावीत, एवढीच आईची इच्छा.

अशा कॅम्पांत मुलांना फोन वापरू देत नाहीत. एका केबिनमध्ये दहा-बारा मुली आणि त्यांच्याबरोबर झोपणाऱ्या कॉलेजच्या वयाच्या दोन-तीन ताया. त्यांना हिब्रूत मद्रिखा म्हणतात. सकाळी प्रार्थना, मग तळ्यावर पोहणं. तिथे प्रत्येकीची जोडीदार ठरलेली, शिट्टी वाजली की एकमेकींचा हात धरून वर करायचा आणि मोजणी होईपर्यंत तसंच थांबायचं. जेवण कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं, आणि जेवण झालं की टेबलं बडवत मोठ्याने म्हटलेली आभाराची प्रार्थना. शुक्रवारी दुपारी केबिन झाडायची, आंघोळीसाठी रांग लावायची, पांढरे कपडे घालायचे आणि गात गात शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, प्रार्थनेला जायचं. वर्षानुवर्षं येणाऱ्या मुलांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की नव्या मुलाला काही सांगावं लागतं हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

आई माझ्याकडे आली ती पत्र आणि फोन दोन्ही घेऊन. कॅम्पवाले रोज फोटो टाकतात. "ताई, हा बघा. सगळ्या हसताहेत आणि ही बघा कशी बाजूला उभी आहे." त्याच रात्री गाडी काढायची तिची तयारी होती. वडिलांचं म्हणणं, "राहू दे, होईल सवय." मला दोघांचंही अर्धंच पटलं.

फोटो बाजूला ठेवून आम्ही पत्र पुन्हा वाचलं. पहिल्या दोन ओळी नेहमीच्याच: आवडत नाही, न्यायला या. पण खाली लिहिलं होतं, की शुक्रवारी सगळ्यांना सगळी गाणी येत होती, हातवाऱ्यांसकट, आणि मला एकही येत नव्हतं. आणि एका मुलीने विचारलं, तू खरंच ज्यू आहेस का?

घरची आठवण येणं आणि आपण इथले नाही असं वाटणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यावर काळ आणि भरगच्च दिवस हेच बहुधा औषध ठरतं. पत्र आपल्या हाती पडेपर्यंत तीन-चार दिवस उलटलेले असतात, तोवर मूल अनेकदा सावरलेलंही असतं. "नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन" असं वचन देऊ नका, हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००७च्या अहवालातही सांगितलं आहे. मूल मग रमायचा प्रयत्न सोडून गाडीची वाट बघत बसतं. दुसरं दुखणं मात्र नुसतं वाट पाहून जात नाही. तिथे मोठ्या माणसाने हलावं लागतं.

या घरात तर त्या प्रश्नाला जुनी धार होती. इस्रायलमध्ये बेने इस्रायलींच्या लग्नांच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ साली ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असं तिथल्या सरकारने जाहीर केलं. आजोबांना ते दिवस लख्ख आठवतात. पत्र ऐकून ते जेवले नाहीत. मुलीला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि विचारणारीला तर नव्हतंच. तिने कुतूहलाने विचारलं असणार, असं मी आईला म्हटलं. तरी मुलीला लागायचं ते लागलंच.

आईने कॅम्पवर पालकांशी बोलणाऱ्या बाईंना फोन केला. "ती रडते आहे" एवढंच सांगू नका, गाण्यांचं आणि त्या प्रश्नाचं नेमकं सांगा, असं मी बजावलं होतं. आणखी एक: तिला सगळ्यांसमोर उभं करून "भारतातले ज्यू" या विषयावर बोलायला लावू नका. मुलाला नमुना करून मांडलं की ते आणखी एकटं पडतं. मद्रिखेला यातलं काही माहीतच नव्हतं. तिने गाणी कागदावर लिहून दिली आणि दुपारच्या विश्रांतीत दोघी-तिघींना बसवून शिकवली. आईने उत्तरात आपलं रडगाणं न लिहिता आजीची खुशाली, कुत्र्याच्या खोड्या आणि "त्या प्रश्नाबद्दल तू लिहिलंस ते बरं केलंस" एवढंच लिहिलं.

पुढे तिशा बआव आला, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास. त्या रात्री कॅम्पमध्ये सगळे जमिनीवर बसून विलापगीत ऐकतात. बेने इस्रायलींचा हाच बिरड्याचा सण. उपास सुटला की वालाचं बिरडं आणि भात. शेजारच्या मुलीला हे तिने आपणहून सांगितलं. वाल कसे भिजवतात, मोड आल्यावर कसे सोलतात, आजी सोललेले वाल मोजल्यासारखी कशी बघते, सगळं. हे पुढच्या पत्रात दीड पानभर होतं. न्यायला या, असं त्यात कुठे नव्हतं.

मूल खात नसेल, झोपत नसेल, दिवसेंदिवस काहीच सुधारत नसेल, किंवा कोणी त्याला मुद्दाम छळत असेल, तर जरूर घेऊन या. त्यात हार कसली? ही मुलगी चार आठवडे पूर्ण राहिली. कॅम्पच्या प्रेमात पडली असं नाही. जेवण तिला शेवटपर्यंत मिळमिळीतच वाटलं. पुढच्या वर्षी जायचं का, हे अजून ठरलेलं नाही. या वेळी ते तिलाच ठरवू द्या, असं मी आईवडिलांना सांगितलं आहे.