जुन्या बसचा लाकडी सांगाडा: पत्रे एकदम उतरवू नका

खिडक्यांखालचं लाकूड अंगठ्याने दाबलं तरी आत जातंय, म्हणून सगळे पत्रे उतरवून सांगाडा नवा बांधू की इपॉक्सी फिलर (भोकं बुजवायची, घट्ट होणारी लांबी) भरून रंग मारू, असं विचारलंयत. माझं मत, दोन्ही नको.

अशा बॉडीत पत्रा म्हणजे नुसतं झाकण नसतं. स्क्रूने आवळलेला पत्राच बॉडीला तिरकं होऊ देत नाही आणि जिथे लाकूड कुजलंय तिथे तर सगळा भार त्याच्यावरच असतो. सगळा पत्रा काढलात की खांब हळूच कलतात आणि मग काच बसत नाही, दरवाजा लागत नाही. म्हणून आधी चॅसी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) स्टँडवर घेऊन लेव्हल करा, प्रत्येक खिडकीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, आतून तिरक्या पट्ट्या ठोका, आडव्याही मारा, आणि मगच एक खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, उघडा. तो पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वेळखाऊ आहे, माहितीये.

कूज शोधायला टोच्या घ्या, डोळ्यांवर भरवसा नको, कारण रंगाखाली लाकूड छान दिसतं आणि टोच्या मुठीपर्यंत जातो. खांबांचे पाय, चाकांवरच्या कमानी, छताच्या पन्हळीखालची पट्टी, पायरीजवळचा कोपरा, या जागा आधी बघा. खांबाचा पाय जास्त का कुजतो तर लाकूड आडव्या अंगापेक्षा कापलेल्या टोकातून पाणी कितीतरी पटकन पितं, आणि काचेवरून ओघळलेलं पाणी नेमकं तिथेच येऊन थांबतं. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्यामुळे पाणी कुठून येतंय ते बंद केलं नाहीत तर नवं लाकूडही त्याच वाटेने जाणार. फिलरवर माझा राग यासाठीच आहे, तो ओल आत कोंडून ठेवतो आणि स्क्रूही नीट धरत नाही.

कुजका तुकडा कितीही भुगा झालेला असला तरी टाकायचा नाही. नंबर टाका, फोटो काढा, तोच तुमचा फर्मा, म्हणजे नव्या तुकड्याचा नमुना. पाय पार नाहीसा झाला असेल तर समोरच्या बाजूच्या खांबावरून माप घ्या, पण डोळे मिटून उलटं करू नका, या बॉड्या हाताने बनायच्या आणि दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही.

लाकडाचं म्हणाल तर ब्रिटिश बॉड्यांत अ‍ॅश नावाचं लाकूड भरपूर वापरलेलं असायचं, चिवट आहे, वाकतंही छान, पण ओलीत टिकत नाही. सागवान टिकतं पण तेलकट, म्हणून चिकटवायच्या आधी जोडाची जागा अ‍ॅसिटोनने पुसा. ओक घेतलंत तर साधे लोखंडी स्क्रू नको, त्यातलं आम्ल लोखंड खातं. कुठलंही घ्या, १२ ते १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलंच घ्या, नाहीतर जोड नंतर उघडणार.

खांबाचा वरचा भाग ठणठणीत असेल तर पूर्ण खांब बदलायची गरज नसते. चांगल्या लाकडापर्यंत जाऊन तिरका काप घ्या, निदान एकास आठ उताराचा (जाडीच्या आठपट लांब), आणि इपॉक्सीने जोडा. क्लॅम्प बेताने आवळा, सगळं इपॉक्सी पिळून बाहेर आलं तर जोड उपाशी राहतो. छताच्या कमानीला मात्र पातळ पट्ट्या वाकड्या साच्यावर एकावर एक चिकटवून घ्या, साचा किंचित जास्त वाकडा ठेवा कारण सुटल्यावर थोडी सरळ होतेच.

लाकडाला लागून लोखंडी पट्ट्या असतील तर त्या काढून गंज घासून प्रायमर मारा, गंज फुगून खांब चिरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला पितळी स्क्रू थेट लागू देऊ नका, ओल मिळाली की पत्रा पांढरा पडून खाल्ला जातो. प्रत्येक कापलेलं टोक आणि खाचेचा आतला भाग बसवायच्या आधीच कूज रोखणारं औषध आणि प्रायमरने भिजवा (चिकटवायची जागा सोडून), बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

आणि आतलं प्लायवूड लावायच्या आधी बाहेरून पाइपने भरपूर पाणी मारा, एकजण टॉर्च घेऊन आत बसवा, ओल जिथून डोकावेल तिथे खडूने खूण करायला सांगा.