एसीएलनंतर पुन्हा पळायचंय? जरा दमाने घे

अरे, एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या, ऑपरेशनला तीन महिने झाले म्हणून लगेच बूट चढवू नकोस. गुडघ्यातली नुसती गादी (मेनिस्कस) तासून घेतलेल्या माणसाचं वेळापत्रक तुला लागू नाही. नवं लिगामेंट पहिल्या काही महिन्यांत कच्चंच असतं, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबल्यामुळे चेव येतो.

आधी हे कर: पायरीवर ऑपरेशनच्या पायावर उभा राहा, समोर आरसा, आणि दुसरी टाच सावकाश खाली टेकव. गुडघा आत झुकतोय? मग मांडीत अजून ताकद नाही. मी शिंप्याच्या टेपने मोजलं होतं, एक मांडी चक्क दोन सेंटिमीटर बारीक! तेव्हा कुठे व्यायाम मनावर घेतला.

फिजिओने हो म्हटलं की १ मिनिट पळ, २ मिनिटं चाल, एकूण २० मिनिटं, तेही दिवसाआड. मातीचं मैदान बरं. टेकडीचा उतार मात्र सगळ्यात शेवटी, चढापेक्षा तोच गुडघ्याला झोडपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या बाजूचे खळगे बघ. भरलेले दिसले तर सूज आहे, त्या दिवशी सुट्टी. आणि रविवारच्या ग्रुपला फक्त चहाला जा, तिथे कुणी हळू पळू देत नाही.