बॉयलर उकळला: विमा मागायचा की एफडी मोडायची?

तुम्ही कळवलंत ते थोडक्यात असं. आयर्लंडमध्ये गॉलवेजवळच्या तुमच्या जुन्या घरात शेगडीच्या मागे बॉयलर आहे. वादळी रात्री वीज गेली, पंप थांबला, पण पीटची, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, आग पेटतीच राहिली. उकळतं पाणी माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत चढलं, टाकी मऊ पडून फाटली आणि खालच्या खोलीचं छत कोसळलं. छत, गालिचा, रंगकाम ४,६०० युरो. बॉयलर, टाकी, पाइप २,२००. हाताशी बचत ६,०००. प्रीमियम वाढेल म्हणून दावा न करता पुण्यातली दहा महिने झालेली एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) मोडायची, असं तुमच्या मनात आहे.

खोलीत तेव्हा कुणी नव्हतं, हे वाचून जीव भांड्यात पडला.

एफडी मोडू नका. एनआरई ठेव वर्ष व्हायच्या आत मोडली, तर व्याज काहीच मिळत नाही. आणखी दोन महिने थांबायचं, तर दहा महिन्यांची कमाई का सोडायची?

दावा करा, पण पाण्याने झालेल्या नुकसानीचाच. तुमच्या पॉलिसीत पहिले १,००० युरो तुमचे, म्हणजे ३,६०० मागता येतील. प्रीमियम वर्षाला २५० ने वाढला आणि पाच वर्षं तसाच राहिला, तरी जातील १,२५०. झीज किंवा चुकीची जोडणी यांचे पैसे विमा सहसा देत नाही, त्यामुळे बॉयलरचे २,२०० बचतीतूनच काढावे लागतील. छताचे, गालिच्याचे फोटो काढल्याशिवाय काहीही फेकू नका. पाहणीला येणारा लॉस अ‍ॅडजस्टर कंपनीने नेमलेला असतो. त्याच्याशी नम्रपणे बोला, पण आकडा तोंडी मान्य करू नका. नकार आला तर तो लेखी मागा. त्यावर आयर्लंडच्या वित्तीय सेवा व निवृत्तिवेतन लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्लंबरने सुचवलेला ६०० युरोंचा, पंपाशिवाय चालणारा रेडिएटर तुम्ही खर्चातून वगळलाय. तो आधी बसवा. आपल्याकडे रिकामा बंब पेटवू नये, हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. इथे वीज गेली की उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी, ती हा रेडिएटर देतो. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात आयर्लंडमध्ये सात लाखांहून अधिक ठिकाणची वीज गेली होती, काही भागांत कित्येक दिवस. त्यात तुमचा पश्चिम किनारा सर्वाधिक झोडपला गेला.

हे सगळं भागवून बचतीत २,२०० युरो उरतील. रेडिएटर बसेपर्यंत शेगडी पेटवू नका, विजेचा हीटर वापरा.