'क्लॅम' म्हणजे शिंपला का तिसऱ्या?

अलास्कातल्या कॉर्डोव्हा गावच्या रेझर क्लॅम (वाळूत राहणारा, दोन शिंप्यांचा खायचा जीव) डबाबंद करणाऱ्या कारखान्यांवरचा, म्हणजे कॅनऱ्यांवरचा, लेख मराठीत करताना 'शिंपल्यांचे कारखाने' लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझं मत, नको. शिंपला म्हटलं की आपल्याला आधी कवच दिसतं, आतला जीव नाही, आणि शिंपल्यांचा कारखाना म्हणजे चुन्याची भट्टी वाटेल. एकशिपी (तिसऱ्यांचा कोकणी पदार्थ) करताना एक शिपी टाकून देतो आणि दुसरीत मांस राहतं, म्हणजे शिपी वेगळी नि खायची वस्तू वेगळी हे आपल्या भाषेला नीट माहितीये. कॉर्डोव्हात तर कवचं टाकून मांसाचा बहुतेक खिमा करून डब्यात भरायचे.

म्हणून 'तिसऱ्या' घ्या (काही ठिकाणी शिवल्या म्हणतात, तेही छान). पण शक्यतो अनेकवचनीच, कारण 'त्याने तिसरी काढली' म्हटलं की वाचक पहिली-दुसरी शोधत बसतो. आपल्या तिसऱ्या गोलसर, ती जात लांबट, तर पहिल्यांदा येईल तिथे 'वस्तऱ्यासारख्या लांबट तिसऱ्या' असं एकदा सांगून टाका. रेझर म्हणजे इथे न्हाव्याचा मिटवलेला जुना वस्तरा, दाढीचं ब्लेड नव्हे.

क्रियापद 'पकडणे' अजिबात नको, तिसऱ्या काढतात. सुकतीला पाणी मागे गेलं की वाळूवर बारीक खळगा दिसतो, तिथे पटकन खणायचं, कारण ही जात काही सेकंदांत खाली सरकते. आणि 'क्लॅम गन' आली तर कृपा करून बंदूक लिहू नका!! ते अरुंद पात्याचं फावडं असतं, किंवा वाळूत खुपसायची नळी.

'क्लॅम बेड'साठी, म्हणजे तिसऱ्या जिथे दाटीने राहतात त्या वाळूच्या किनाऱ्यासाठी, मला 'तिसऱ्यांची पुळण' आवडतं, आणि या लेखात ते फारच चपखल बसतं बघा. तिथे १९१६ पासून धंदा चालला, गाव स्वतःला जगाची रेझर क्लॅम राजधानी म्हणवायचं, १९५० च्या दशकात माल घटत गेला आणि पुढे बराचसा खेकड्यांच्या पिंजऱ्यात आमिष म्हणून जायला लागला. मग २७ मार्च १९६४ चा ९.२ मॅग्निट्यूडचा भूकंप, त्यात त्या भागातली जमीन साधारण ६ फूट वर उचलली गेली. त्यामुळे 'बेड्स नष्ट झाले' याचं 'पुळण वर आली आणि तिसऱ्या कोरड्या पडल्या' असं करा, म्हणजे नेमकं काय झालं ते कोकणातल्या वाचकाला लगेच दिसेल.