रॉकेटसाठी सरकारी पैसा मागताना

इंजिन बनवतोयस, झकास. पण सरकारी पैसा एकरकमी पडेल या भरवशावर भोसरीतल्या वर्कशॉपला ऑर्डर देऊन बसू नकोस. अनुदान हप्त्यांत येतं आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचं सहसा हलत नाही. वेगळं बँक खातं काढ. नोझलच्या टर्निंगचं बिलसुद्धा कंपनीच्याच नावावर, जीएसटी क्रमांकासकट घे.

इन-स्पेसचा, म्हणजे खासगी अंतराळ कंपन्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, ५०० कोटींचा तंत्रज्ञान निधी बघ. स्टार्टअपला प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, कमाल २५ कोटी. उरलेले ४० टक्के कोण देणार, हे आधी ठरव! अंतराळ स्टार्टअपसाठी केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केलेला १००० कोटींचा निधी वेगळा. ते अनुदान नव्हे, तिथे कंपनीतला हिस्सा द्यावा लागतो. लोक सर्रास घोळ घालतात.

अर्जात ‘इंजिन विकसित करणे’ असलं मोघम नको. ‘अमुक दाबाला इतके सेकंद हॉट फायर’ (इंजिन खरंच पेटवून चाचणी) असं मोजता येईल ते लिही. खासगी कंपन्यांकडून अंतराळ स्थानकापर्यंत मालवाहतूक उभी करण्याच्या नासाच्या २००६ च्या कॉट्स कार्यक्रमातही टप्पा पूर्ण झाल्यावरच पैसे मिळत. त्यातल्या रॉकेटप्लेन किस्लर या कंपनीला खासगी भांडवल उभं करता आलं नाही, तर नासाने २००७ मध्ये करारच रद्द केला. मसुदा झाला की पाठव, आधी बजेटचं पान बघतो.