गृहपाठ राहिला आणि आजी ‘वारली’

पहिली घटक चाचणी झाली, वह्या तपासून घरी आल्या, की माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीचे पालक येऊ लागतात. मुलगा गृहपाठ करत नाही एवढंच असतं तर ते आले नसते. त्यांना टोचतं ते पुढचं: ‘आणि वर धडधडीत खोटं बोलतो.’ वही शाळेत राहिली, लाईट गेली होती, मॅडमनी दिलाच नव्हता, पोटात दुखत होतं. त्या सबबींमागे आई-बाबांना पुढचा अट्टल लबाड माणूस दिसायला लागतो. सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्यापाशी नाही. पण सातवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते, कारण त्याने सबबींची हद्द केली होती. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल ते बदललं आहे. त्याला आपण बंड्या म्हणू.

कराडच्या बाजूचं कुटुंब. वडील एसटीत कंडक्टर, आठवड्यातून काही रात्री मुक्कामी गाडीवर. आई घरी ब्लाऊज शिवते. आजी, म्हणजे वडिलांची आई, ठणठणीत. एका सकाळी आईचा मोबाइल एकसारखा वाजायला लागला. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विज्ञानाच्या मॅडमनी लिहिलं होतं, ‘बंड्याच्या आजींना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. कुणीतरी ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ टाकलेलं. तेव्हा मृतात्मा उंबऱ्याशी बसून मटार सोलत होता.

ते तिघं माझ्याकडे आले तेव्हा वडिलांनी बंड्याला दोन ठेवून दिलेल्या होत्याच. आजीही हट्टाने बरोबर आली होती. आई रडवेली. वडील म्हणाले, “ताई, मी रोज हजार माणसं बघतो. कोण तिकीट चुकवतोय ते मला चेहऱ्यावरून कळतं. आणि माझ्याच घरात हे?”

बंड्या मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात आजीने विचारलं, “मला मारलंस व्हय रं? बरं, कशानं मेले म्हणून सांगितलंस?”

“बीपीनं.”

“मला कुठाय बीपी? शुगर आहे!”

वडीलसुद्धा हसले. ते हसले नसते तर पुढचं काम अवघड गेलं असतं, हे मी अनुभवाने सांगते. घरातला तणाव एक इंचभर उतरल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही.

मी वडिलांना म्हटलं, तिकीट चुकवणारा तुम्ही नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत नसणार. तो कुठे चढतो, कुठल्या थांब्यावर उतरतो, तेही लक्षात ठेवता ना? ते म्हणाले, ते तर ठेवतोच. मग बंड्याचंही तसंच बघू. काय खोटं बोलला ते बाजूला ठेवा. कधी आणि कुठल्या कामाला बोलला ते काढू. पुढच्या वेळी सगळ्या वह्या आणि शाळेची डायरी आणा, अगदी फाटक्यासुद्धा.

पालक इथेच गडबडतात. सबब खोटी आहे हे सिद्ध करण्यात त्यांची सगळी ताकद जाते. लाईट गेली होती? किती वाजता? मग शेजाऱ्यांकडे कशी होती? अशा उलटतपासणीने मूल खरं बोलायला शिकत नाही, पुढची सबब जास्त तपशीलवार रचायला शिकतं. पावसात वही भिजली इथपासून आजी बीपीने गेली इथपर्यंतचा प्रवास बहुतेक असाच झालेला असतो. म्हणून माझं पालकांना पहिलं सांगणं असतं की ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, तो प्रश्न मुलाला विचारू नका. ‘गृहपाठ केलास का?’ याऐवजी ‘विज्ञानाचा गृहपाठ राहिलाय, डायरीत दिसतंय. कुठे अडलं?’ असं विचारा. खोटं बोलायची वेळच येऊ देऊ नका.

वह्या आल्या. डायरीतले लाल शेरे आणि वेळापत्रक शेजारी ठेवून आम्ही दोघांनी, म्हणजे बंड्याने आणि मी, एक तक्ता केला. त्याला त्यात मजा वाटली, स्वतःच्याच थापांची यादी करायला कोण सांगतं! मराठीची वही पूर्ण. इतिहास, भूगोल पूर्ण, मथळ्यांखाली लाल रेघा, नकाशे रंगवलेले. हिंदी पूर्ण. सगळे शेरे विज्ञान आणि गणिताचे.

गणिताच्या वहीने मला सगळं सांगितलं. उदाहरणसंग्रहातली नुसत्या आकड्यांची गणितं केलेली होती, बहुतेक बरोबर. पण शाब्दिक उदाहरण आलं की तिथे प्रश्नाचा क्रमांक घातलेला, चार ओळी जागा सोडलेली, आणि खाली पट्टीने आखलेली रेघ. पानापानावर तेच. मुलाला आळस असता तर त्याने जागा सोडून रेघ कशाला मारली असती? नंतर भरू, असा त्याचा विचार असणार. ते ‘नंतर’ आलंच नव्हतं.

बंड्याची शाळा मराठी माध्यमाची, पण तो सेमी-इंग्रजीच्या तुकडीत. म्हणजे बाकी विषय मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. मी पुस्तक मिटवलं आणि त्यातल्यासारखंच एक उदाहरण मराठीत सांगितलं. बारा मजूर एका शेताची खुरपणी ८ दिवसांत करतात, तर सहा मजुरांना किती दिवस लागतील?

“सोळा,” तो लगेच म्हणाला. आणि मग, “पण आमच्याकडं आता सहा मजूर मिळत न्हाईत.”

व्यस्तप्रमाण त्याला येत होतं. त्याच प्रकारचं इंग्रजी उदाहरण समोर ठेवलं, तेव्हा तो पहिल्या ओळीतल्या दोन आकड्यांकडे बघत राहिला आणि त्यांचा गुणाकार करू का, असं त्याने विचारलं. विज्ञानातही तेच. ‘मोशन, फोर्स अँड वर्क’ या धड्याचा स्वाध्याय त्याने सोडून दिला होता. अंतर आणि विस्थापन यांतला फरक मी विचारला, तर त्याने हाताने दाखवला: ओढ्याला वळसा घालून शाळेत जातो ते अंतर, आणि घरापासून शाळेपर्यंत सरळ दोरी धरली तर ते विस्थापन. पण स्वाध्यायात उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा म्हटलेलं, इंग्रजीत. इंग्रजीत त्याच्याजवळ स्वतःचे शब्दच नव्हते. वर्गात मॅडम फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून देत ती तो उतरवून घ्यायचा. घरी स्वतः लिहायची पाळी आली की पान कोरं.

मग सांगितलं का नाहीस? यावर तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “तुकडी बदलतील.”

या दोन शब्दांत काय आहे ते गावाकडच्या शाळा ज्यांना माहीत आहेत त्यांना समजेल. सेमीची तुकडी म्हणजे ‘हुशार’ मुलांची, आणि दुसरी म्हणजे उरलेल्यांची, असं कुणी कागदावर लिहीत नाही. मुलांना मात्र पाठ असतं. बंड्या चौथीला वर्गात पहिला आला होता. सेमीला घातल्यावर वडिलांनी डेपोत पेढे वाटले होते. ‘मला इंग्रजी समजत नाही’ म्हटलं तर ते पेढे परत घ्यावे लागणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्या मानाने आजीला एकदा मारणं स्वस्त होतं.

दुसरा पेच शाळेत होता. मॅडमचा नियम असा, की मागचं अपूर्ण पूर्ण केल्याशिवाय पुढचं तपासणार नाही. नियमात वावगं काही नाही. पण मूल दोन धडे मागे पडलं की तिसऱ्या धड्याचा गृहपाठ करूनही फायदा शून्य, शेरा ठरलेलाच. मग तो तरी कशाला करायचा? थकबाकी वाढत जाते आणि ती झाकायला दरवेळी आधीपेक्षा मोठी सबब लागते. रोज संध्याकाळी बंड्या तीन-तीन तास वही उघडून बसायचा आणि एक अक्षर लिहायचा नाही. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात सहावी ते आठवीसाठी दिवसाला फार तर एक तास गृहपाठ असावा असं म्हटलं आहे. आम्ही घरी तेवढाच ठेवला. घड्याळात तास झाला की वही बंद, राहिलं तर राहिलं.

मॅडमना भेटायला मी थोडी धास्तावतच गेले. त्यांच्या वर्गात साठच्या वर मुलं. शिवाय श्रद्धांजलीच्या प्रकरणाने त्यांची चारचौघांत फजिती झाली होती, राग असणं साहजिक होतं. पण तक्ता बघितल्यावर त्या म्हणाल्या, “मी स्वतः दहावीपर्यंत विज्ञान मराठीतच शिकले हो.” मग बोलणं सोपं झालं. तीन गोष्टी ठरल्या. मागची थकबाकी माफ. वहीत आजच्या तारखेची रेघ मारायची आणि तिथून पुढचं तपासायचं. उत्तर आधी मराठीत लिहिलं तरी चालेल, फक्त पारिभाषिक शब्द इंग्रजीत घालायचे. आणि ‘समजलं नाही’ असं लिहायची मुभा, पण नेमकं कुठल्या वाक्याला अडलं ते पेन्सिलने अधोरेखित करून. नुसतं ‘समजलं नाही’ म्हणजे पुन्हा सबबच.

आईने सामान्य विज्ञानाचं मराठी पुस्तक शेजारच्या मुलाकडून मागून आणलं. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी पुस्तकं धड्याला धडा आणि चित्राला चित्र जुळतात, आणि ती संकेतस्थळावर फुकटही मिळतात. सेमीच्या मुलाच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडी असावीत, इतकी साधी गोष्ट घरात कुणाला सुचत नाही. कारण मराठी पुस्तक घरात आणणं म्हणजे हार, असं पालकांनाच वाटतं. या आईला आता धडा वाचून मुलाला प्रश्न विचारता येऊ लागले. तोपर्यंत ती त्या विषयांपासून लांबच असायची.

वडिलांचा एक प्रश्न मात्र राहिलाच होता. “म्हणजे शिक्षा काहीच नाही?” होती की. मॅडमसमोर जाऊन ‘आजी जिवंत आहे, मी खोटं बोललो’ हे बंड्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आई दाराबाहेर थांबेल, मध्ये बोलणार नाही. ते त्याने केलं. त्याला घाम फुटला होता म्हणे. माझ्या मते मारापेक्षा ही शिक्षा जड असते आणि तिच्यातून काही निष्पन्न होतं. आजीने आपल्या परीने वेगळी शिक्षा दिली: महिनाभर तिचा मटार, लसूण, शेंगा, जे काय असेल ते सोलायचं.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात एकदा त्याच्या दप्तरात पाण्याची बाटली खरोखरच सांडली आणि गणिताची वही भिजली. यावेळी तो खरं बोलत होता आणि वर्गात कुणाचाच विश्वास बसेना. घरी येऊन ढसाढसा रडला. आईने दप्तरात हात घालून बघितलं, ओल लागली, तेव्हा तिने मॅडमना फोन केला. अशा वेळी ‘बघ, खोटं बोलण्याचा परिणाम’ असं म्हणायचा मोह आवरावा. मुलाला ते कळलेलं असतं. त्या क्षणी त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहणं जास्त गरजेचं असतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. असा तक्ता तुम्हीही करा, आठवडा-दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. सबबी एक-दोन विषयांपुरत्या असतील तर अडचण बहुधा त्या विषयात आहे. सगळ्या विषयांत असतील, पण फक्त जिथे भरपूर लिहायचं तिथे, आणि मूल तोंडी मात्र फटाफट उत्तरं देत असेल, तर लिहिण्याचीच अडचण आहे का ते तज्ज्ञाकडून तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित यांतल्या अशा अडचणींचा, समावेश आहे. सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. फळ्यावरचं उतरवून घ्यायलाच चुकत असेल तर आधी डोळे तपासा. हे इतकं उघड आहे की हमखास राहून जातं. ठरावीक वारीच सबबी येत असतील तर त्या दिवशी क्लास किती, झोप किती, घरी कोण असतं, ते बघा. आणि एरवी बोलकं मूल सबबी सांगणंही सोडून गप्प गप्प राहू लागलं, जेवण-झोप बिघडली, तर गृहपाठाचा विषय बाजूला ठेवून लगेच समुपदेशकाला भेटा.

बंड्या आता आठवीत गेला. तुकडी बदलायची की नाही यावर घरात खूप चर्चा झाली. वडिलांची तयारी झाली होती, पण बंड्यालाच सेमीत राहायचं होतं आणि तो राहिला. विज्ञानाची उत्तरं अजून अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी असतात. गणितात मार्क बरे, इंग्रजीत बेताचे. मॅडमनी मध्यंतरी फोनवर सांगितलं, की त्यांनी कुतूहल म्हणून वर्गातल्या बाकी वह्याही त्या नजरेने चाळल्या, तर शाब्दिक उदाहरणांच्या जागा रिकाम्या सोडणारी आणखी बरीच मुलं निघाली. त्यात वरच्या नंबरातलेही काही होते. आता गृहपाठ देण्याआधी त्या प्रत्येक शाब्दिक उदाहरण वर्गात एकदा मराठीतून वाचून दाखवतात.