एपीचं क्रेडिट मेडिकलला चालतं का?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली, न्यू जर्सीत. एपीत (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास करून दिलेली परीक्षा) बायोलॉजी, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ पैकी ५, फिजिक्स १ मध्ये ४ मिळाले आहेत. तिचं कॉलेज या चारही विषयांचं क्रेडिट देतंय. पदवीनंतर तिला मेडिकलला जायचं आहे. हे विषय कॉलेजात पुन्हा घ्यावेत का? तिचे बाबा म्हणतात, क्रेडिट वापरून तीन वर्षांत पदवी घेतली तर एका वर्षाची फी वाचेल.

उत्तर : कॉलेजनं क्रेडिट दिलं म्हणजे मेडिकल स्कूलनं ते मानलं, असं होत नाही. कॉलेज ते पदवीसाठी मोजतं. मेडिकल स्कूल स्वतःच्या पूर्वअटी लावतं, आणि प्रत्येकाचा नियम निराळा. काही स्कूल्स ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) दिसणारं एपी जसंच्या तसं धरतात. बरीचशी म्हणतात की एपी चालेल, पण त्याच विषयातला वरच्या पातळीचा कोर्स कॉलेजात केलेला हवा. काही विज्ञान विषयांना एपी धरतच नाहीत. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी तर सक्तीचे कोर्सच नाहीत, फक्त शिफारस आहे. अर्ज पंधरा-वीस ठिकाणी जाणार, म्हणजे यादीतल्या सर्वांत कडक स्कूलचा नियम हाच तुमचा नियम. एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल स्कूल्सच्या संघटनेच्या ‘एमएसएआर’ या माहितीकोशात प्रत्येक स्कूलचं एपीबद्दलचं धोरण दिलेलं असतं. त्याची वर्गणी भरावी लागते, पण ती वसूल होते. धोरणं बदलत असल्यामुळे अर्जाच्या वर्षी ते पुन्हा पाहावं.

आता एकेक विषय. कॅल्क्युलसचं क्रेडिट बिनधास्त वापरा. वाचलेल्या जागी स्टॅटिस्टिक्स घ्या, ते पुढे जास्त उपयोगी पडतं.

फिजिक्स १ मध्ये बव्हंशी यांत्रिकी असते. वीज, चुंबकत्व, प्रकाश यांचा भाग फिजिक्स २ मध्ये येतो. मेडिकल स्कूल्स साधारण वर्षभराचं, लॅबसह फिजिक्स मागतात आणि एमकॅटमध्ये (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) हे सगळं विचारतात. त्यामुळे पूर्ण वर्षाचं फिजिक्स कॉलेजात करणंच सोपं. पहिलं सत्र पुन्हा घेतल्यावर बहुतेक कॉलेजं एपीचं क्रेडिट रद्द करतात. ते जाऊ द्या, त्यात नुकसान काही नाही.

बायोलॉजीचा प्रास्ताविक कोर्स सोडायला हरकत नाही, पण त्याची भरपाई जेनेटिक्स, सेल बायोलॉजी किंवा फिजिऑलॉजीनं करा आणि त्यातला किमान एक कोर्स लॅबसह असू द्या. कित्येक कॉलेजं एपीचं क्रेडिट फक्त लेक्चरचं देतात, लॅबचा कोर्स नंबर वेगळा असतो. पूर्वअटीत ‘लॅबसह’ असं लिहिलेलं असतं आणि नेमका तिथेच अर्ज अडतो.

खरा विचार करायचा तो केमिस्ट्रीचा. क्रेडिट वापरलं की पहिल्याच सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्री समोर येते, आणि कॉलेजातला विज्ञानाचा पहिला ग्रेड तिथून सुरू होतो. ऑरगॅनिकच्या पहिल्या काही आठवड्यांतच हायब्रिडायझेशन, रेझोनन्स आणि पीकेए हे येतं असं गृहीत धरलेलं असतं. एपी दहावी-अकरावीत झालं असेल तर यातलं बरंच विसरलेलं असतं. तिनं कॉलेजच्या जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सत्राचा जुना अंतिम पेपर मिळवून, पुस्तक न उघडता सोडवून पाहावा. आम्ल-आम्लारी समतोलाची गणितं हातची सुटली तर खुशाल पुढे जावं. अडखळली तर जनरल केमिस्ट्री घ्यावी, एपीच्या पायावर ती अवघड जात नाही. आणि एक हिशेब चुकवू नका. केमिस्ट्रीच्या भरपाईला बायोकेमिस्ट्री दाखवली आणि त्या स्कूलनं बायोकेमिस्ट्री वेगळी मागितली असेल, तर एकच कोर्स दोन खात्यांत जमा होत नाही.

तीन वर्षांचा बेत आम्हाला पटत नाही. मेडिकलचा अर्ज प्रवेशाच्या साधारण वर्षभर आधी करावा लागतो, म्हणजे ती दुसरं वर्ष संपताना अर्ज करेल. तोवर हातात विज्ञानाचे मोजकेच ग्रेड आणि रुग्णालयातला थोडाच अनुभव. फी वाचवायचीच असेल तर चौथं वर्ष हलकं करून त्यात संशोधन किंवा रुग्णसेवेचं काम घेणं बरं.

प्रश्न : माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर ‘एपी ट्रान्स्फर क्रेडिट : २४’ एवढी एकच ओळ आहे. पुढच्या उन्हाळ्यात अर्ज करणार आहे. अडचण येईल का?

उत्तर : येईल. आत्ताच रजिस्ट्रार ऑफिसला लेखी विचारा आणि विषयवार नोंद करून घ्या. ‘केमिस्ट्री १०१, ४ क्रेडिट, एपी’ अशी प्रत्येक विषयाची स्वतंत्र ओळ हवी. एमकॅस (बहुतेक मेडिकल स्कूल्ससाठीचा सामाईक अर्ज घेणारी सेवा) तुमचा अर्ज ट्रान्स्क्रिप्टशी ताडून पाहतं. एकगठ्ठा आकड्यावरून केमिस्ट्रीची अट पूर्ण झाली की नाही, हे मेडिकल स्कूलला कळायला मार्ग नसतो. टेक्ससच्या टीएमडीएसएएस या अर्जसेवेलाही कोर्स आणि त्याचे क्रेडिट असे वेगवेगळे दिसावे लागतात.

अर्ज भरताना हे कोर्स क्रेडिट मिळालं त्या सत्रात टाका, प्रकार ‘एपी’ निवडा. ग्रेड नसतो, त्यामुळे जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) ते धरले जात नाहीत. ५ गुणांचा फायदा तिथे शून्य, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. मधे कॉलेज बदललं असेल तर नवं कॉलेज स्वतःच्या नियमानं क्रेडिट ठरवतं. तेव्हा एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून स्कोअर पुन्हा पाठवायला लागतो.

प्रश्न : मुलानं अकरावीत कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटमधून (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स) बायोलॉजी केलं, ‘सी’ आला. हायस्कूलमधलं म्हणून सोडून देता येईल ना?

उत्तर : नाही. एपी आणि ड्युअल एन्रोलमेंट यांत गल्लत करू नका. तो खराखुरा कॉलेजचा कोर्स आहे, ग्रेड एमकॅसच्या जीपीएत मोजला जातो. त्या कम्युनिटी कॉलेजचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्टही स्वतंत्र पाठवावं लागतं, आताच्या कॉलेजनं ते क्रेडिट मानलेलं असलं तरीही. ते पोचेपर्यंत अर्जाची पडताळणी अडून राहते. कोर्स पुन्हा केला तर एमकॅस दोन्ही ग्रेड मोजतं. डीओ (ऑस्टिओपॅथिक) मेडिकल स्कूल्सची अर्जसेवा एएकोमासही २०१७ पासून तसंच करते. त्यापेक्षा जेनेटिक्स किंवा सेल बायोलॉजीत चांगला ग्रेड मिळवणं जास्त उपयोगाचं, पण आधी यादीतल्या एखाद्या स्कूलची ‘सी’बद्दल काही अट आहे का ते पाहून घ्या.